डावीकडचे नट उलटे असतात हो!

आज दुपारी हायवेलगतच्या एका गॅरेजात जुन्या जीपचं पुढचं डावं चाक काढायचं चाललं होतं. पान्यात चार फुटी पाइप घातलेला, पाइपावर दोन पोरं लोंबकळलेली आणि मिस्त्री वरून ओरडतोय, "अजून जोर लाव, गंजलाय!" कट्ट. एक स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) गेला. मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी पाइप सटकून एक पोरगं पाठीवर पडलं, स्टड मात्र तुटलाच. मग गॅस कटर आणायला माणूस धावला.

गंज कसला डोंबलाचा! चाक डावं होतं, एवढंच. विलीज कंपनीच्या जीपच्या डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. गाडी पुढे जाताना चाकाच्या फिरण्याने नट ढिला होऊ नये म्हणून तसे केलेले. म्हणजे डावीकडचा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' ठोकलेला असतो. रॉकेलचं फडकं आणि तारेचा ब्रश घासला की दिसतो. पाच मिनिटांचं काम, त्यासाठी तीन स्टड मारले.

आणि मालक काय म्हणतोय? "ऐंशी वर्षांची गाडी आहे, एवढंच चालायचं. आता इंजिनच काढतो आणि डिझेल बसवतो." हे ऐकल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लांबलचक लिहितोय. ज्यांना जीप म्हणजे लग्नात नवरदेव उभा करायची गाडी वाटते, त्यांनी पुढे वाचू नका.

ही गाडी मुळात घाईत जन्मलेली आहे. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याने १३५ कंपन्यांकडे हलक्या चौचाकी ड्राइव्हच्या गाडीची मागणी केली, नमुना द्यायची मुदत ४९ दिवस. वेळेत नमुना आणला तो पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या चिमुकल्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्टने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी मेरीलँडच्या कॅम्प होलाबर्डला पोचली, मुदत संपायला अर्धा तास असताना. पुढे काय झालं? सैन्याला वाटलं बँटमला एवढा माल पेलवणार नाही, म्हणून त्यांचे आराखडे विलीज आणि फोर्डला दाखवले. मोठी ऑर्डर त्या दोघांना, आणि बँटमच्या वाट्याला ट्रेलर. ज्याने शेत नांगरलं त्याला कडबा, असा तो न्याय. टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडने वर जाहिराती केल्या की जीप आम्हीच घडवली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९४८ मध्ये तो दावा करायला त्यांना मनाई केली. तरी १९५० मध्ये 'जीप' हे नाव नोंदवून घेतलं ते विलीजनेच!

विलीजवर राग आहेच. पण त्यांचा इंजिनिअर बार्नी रूस याच्यापुढे हात जोडावेच लागतात. सैन्याची वजनाची मर्यादा होती २१६० पौंड, म्हणजे साधारण ९८० किलो. विलीजचा नमुना त्यापेक्षा अडीचशेहून जास्त पौंड भरत होता. रूसने गाडी नटबोल्टपर्यंत सुटी केली, प्रत्येक बोल्ट गरजेपुरता आखूड केला, पत्रे पातळ केले. शेवटी वजन इतकं काठावर बसलं की रंगाचा आणखी एक हात दिला असता तर मर्यादा ओलांडली असती म्हणतात. आणि आज दुपारच्या त्या जीपच्या मडगार्डवर बोट वाजवलं तर ढब्ब आवाज. आत पुट्टीच पुट्टी. चुंबक लावला असता तर घसरून खाली पडला असता.

आता त्या इंजिनाबद्दल. नाव गो-डेव्हिल. १३४ घन इंच, म्हणजे २१९९ सीसी, साइड व्हॉल्व्ह, ४००० आरपीएमला ६० हॉर्सपॉवर. आजच्या छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी, मान्य. पण १०५ फूट-पौंडांचा टॉर्क २००० आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे घाटात ही गाडी रडत नाही. रडते ती कुणीतरी ऑइल पंप काढल्यावर. नव्वद टक्के 'हे इंजिन गेलं' प्रकरणांचं मूळ इथे असतं असं माझं ठाम मत आहे.

तर नीट वाचा. या इंजिनात ऑइल पंप ब्लॉकच्या डाव्या अंगाला, कॅमशाफ्टच्या गिअरवर चालतो. उजवीकडचा डिस्ट्रिब्यूटर (प्लगना पाळीपाळीने ठिणगीचा करंट देतो तो) थेट त्या पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. म्हणजे गळती थांबवायला कुणी नुसता पंप उपसला आणि अंदाजाने परत बसवला की ठिणगीचं टायमिंग गेलंच. मग गाडी सायलेन्सरमधून फटाके वाजवते, कार्बोरेटरमधून आग थुंकते आणि मिस्त्री सांगतो, "व्हॉल्व्ह गेलेत." पंप काढण्याआधी एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर वर आणा, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून रोटरचं तोंड कुठे आहे त्याची खूण करा, मगच बोल्टना हात लावा. पंपाच्या शाफ्टची खाच मधोमध नसते, किंचित एका बाजूला असते. त्यामुळे डिस्ट्रिब्यूटरची जीभ एकाच बाजूने बसते. बसत नसेल तर हातोडी घेऊ नका, पंप एक दात सरकवून पुन्हा बघा. बसवण्याआधी पंपात ऑइल भरा, नाहीतर कोरडा पंप ऑइल ओढतच नाही.

डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटमधली फट ०.०२० इंच, प्लगची ०.०३० इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, टायमिंग पिस्टन पूर्ण वर पोचायच्या ५ अंश आधी. सैन्याच्या एमबी मॉडेलला ही खूण पुलीवर शोधू नका, ती फ्लायव्हीलवर आहे. बेल हाउसिंगवरची छोटी झडप सरकवली की दिसते. हे चार आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवले असते, तर आज दुपारी त्या मालकाच्या तोंडी डिझेल आलं नसतं.

डिझेलवाले आता चिडतील. ठीक आहे, डिझेल स्वस्त पडतं आणि महिंद्राने स्वतः इंटरनॅशनलचं ट्रॅक्टरचं इंजिन आणि नंतर प्यूजोचं डिझेल जीपमध्ये घातलं, हे खरं. गावोगाव त्यांनी सोनं केलं. पण त्या गाड्या त्यासाठी बांधलेल्या होत्या. ४० च्या दशकातल्या टी-८४ गिअरबॉक्सवर आणि पाऊण इंची इंटरमीडिएट शाफ्टच्या ट्रान्सफर केसवर (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) वजनदार डिझेल टाकलंत तर आधी दुसरा गिअर उडायला लागतो, मग ट्रान्सफर केसमधून रडण्याचा आवाज येतो. तो शाफ्ट बाहेर काढून नख फिरवा. सुई-बेअरिंगने कोरलेल्या चाऱ्या नखाला लागतील. लेथवर घासून तो परत येत नाही, नवीनच टाकावा लागतो.

आणि हो, गिअरबॉक्समध्ये 'भारीतलं' म्हणून जीएल-५ दर्जाचं ऑइल ओतू नका. गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रो रिंगांना त्यातली रसायनं खातात. जीएल-४, ९० ग्रेड. गिअरबॉक्सला पाऊण लिटरच्या आत, ट्रान्सफर केसला दीड लिटरच्या आत. एका डब्यातलं ऑइल दुसऱ्यात झिरपतं, त्यामुळे एकाची पातळी वाढलेली दिसली तर दुसरा रिकामा झालाय का बघा. ट्रान्सफर केसचं मागचं सील गळलं की ऑइल सरळ हँडब्रेकच्या ड्रमवर जातं, कारण हँडब्रेक चाकांवर नाही, तिथे प्रोपेलर शाफ्टवर आहे. लोक हँडब्रेकची केबल ताणत बसतात. आधी सील!

मघाशी फार ओरडलो. थोडं शांतपणे लिहितो.

या गाडीशी आपलं नातं माझगावचं आहे. के. सी. महिंद्रा अमेरिकेत असताना बार्नी रूसला भेटले होते. १९४५ ची 'महिंद्रा अँड मोहम्मद' कंपनी फाळणीनंतर 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. आणि १९४९ मध्ये मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीज जोडल्या जाऊ लागल्या. नंतर आला तो उंच बॉनेटचा सीजे-३बी. बॉनेट उंच का, तर त्याच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये चढवले होते, त्यामुळे इंजिनच उंच झालं. अमेरिकेत तो कधीच संपला, आपल्याकडे त्याच्या लेकीनाती कितीतरी दशकं रस्त्यावर राहिल्या. तहसीलदाराची, फॉरेस्टची, पोलिसांची, उसाच्या फडावरची. या गाडीला 'अमेरिकन' म्हणताना माझी जीभ अडखळते.

मूळ कंपनीचं काय, ती हातोहात फिरली. १९५३ ला कैसर, १९७० ला एएमसी, १९८७ ला क्रायस्लर, मग डेमलर, मग फियाट, आता स्टेलँटिस. २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावात जीप कंपास बनते. चांगली गाडी आहे, आरामशीर आहे. (हे मी लिहिलंय याचा स्क्रीनशॉट कुणी घेऊ नये.) पण २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत रॉक्सर आणली, तेव्हा याच कंपनीने तक्रार केली की हिचा चेहरा आमच्या जीपसारखा आहे. २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरोधात गेला, रॉक्सरचं रूप बदलावं लागलं. कायद्याने बरोबर असेल. पण बँटमचं घर घेऊन उभी राहिलेली वंशावळ दुसऱ्याला चेहरा चोरला म्हणते, याला काय म्हणावं ते तुम्हीच म्हणा.

असो. आजच्या गाडीची आणखी एक गंमत. मालकाने ती 'ओरिजिनल विलीज' म्हणून घेतली आहे, जास्तीचे पैसे मोजून. रेडिएटरच्या खाली वाकून बघितलं की चासीचा पुढचा आडवा दांडा दिसतो. तो गोल नळीचा असेल तर विलीज. उलट्या यू आकाराचा पत्र्याचा असेल तर फोर्डने बनवलेली जीप, जीपीडब्ल्यू. हा उलटा यू होता. बोल्टच्या डोक्यांवर 'एफ'ही होता. फोर्ड काही कमी नाही, भाग दोन्हींचे अदलाबदलीचे, पण विकणाऱ्याने तरी वाकून बघायचं होतं.

स्टीअरिंगची तक्रार तर प्रत्येक जीपवाल्याची. पन्नासच्या पुढे खड्डा लागला की पुढची चाकं थयथय नाचतात. लगेच स्टीअरिंग बॉक्स बदलू नका, तो शेवटचा. आधी पुढच्या क्रॉसमेंबरवरची बेल क्रँक (स्टीअरिंगचा जोर टाय रॉडना पोचवणारा फिरता तुकडा) हाताने हलवा, बहुतेक वेळा चोर तीच. मग टाय रॉडचे एंड. मग चाक उचलून वर-खाली हलवून किंगपिनचा (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खुंटा) प्ले बघा, आणि शिम (पातळ चकती) काढायची तर वर आणि खाली सारख्याच जाडीची काढा. टो-इन (पुढची चाकं समोरून आत वळलेली असतात ते) ३/६४ ते ३/३२ इंच, कास्टर (किंगपिनचा मागे झुकाव) ३ अंश. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल टाकलेत तर कास्टर बिघडतो आणि नाच सुरू होतो. मग दोष अमेरिकेला.

उन्हाळ्यात गरम इंजिन बंद केलं की परत सुरू होत नाही, हीही ओरड. पेट्रोलची नळी एग्झॉस्टजवळून गेलेली असते, पेट्रोलची वाफ होते. नळी लांबून फिरवा. पंपावर ओलं फडकं हा तात्पुरता उपाय. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या पंपाचा रबरी पडदाही मऊ पडतो, तेव्हा इथेनॉल सोसणारा डायफ्राम मागून घ्या.

ब्रेकबद्दल मात्र बाजू घेणार नाही. नऊ इंची ड्रम, एकच सर्किट, मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चिखलपाण्यात. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. आणि लष्करी रिम असतील, दोन तुकड्यांचे, आठ नटांनी जोडलेले, तर हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते आठ नट सोडू नका. आत हवा असताना रिम उघडला तर तोंडावर येतो. विनोद नाही हा.

हां, त्या चाकाचं राहिलं. गॅस कटर यायच्या आत खाली बसलेल्या पोरांपैकी धाकट्याने स्टडचं टोक रॉकेलने पुसलं आणि विचारलं, "उस्ताद, हे एल काय आहे?" मिस्त्री दोन सेकंद गप्प. मग पाना काढून उलटा लावला. उरलेले दोन नट पाइपाशिवाय, एका हाताने सुटले. तुटलेले तीन स्टड तिथल्याच एका पत्र्याच्या डब्यात पडलेत आणि मालक फोनवर डिझेल इंजिनाचा भाव विचारतोय.