ॲव्हरेज पडलं? आधी ड्रायव्हर बदला

पिकअपचं ॲव्हरेज 12 वरून 9 वर आलं की पहिलं पथ्य म्हणजे मोजायचं नाही. मोजलं की संशयाची सगळी मजा जाते. एकाच पंपावर, एकाच नोझलनं, पहिला खटका पडेपर्यंत टाकी फुल करायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, फेरी मारून आलं की तिथंच पुन्हा फुल करायची आणि भागाकार करायचा, हे चौथीतल्या पोराचं गणित. गाडीमालकाला ते शोभत नाही. आपण काट्यावर जायचं. काल काटा अर्ध्याच्या वर होता, आज खाली आहे, म्हणजे डिझेल कुणीतरी काढलं.

कुणीतरी म्हणजे ड्रायव्हर, हे वेगळं सांगायला नको. आमची गाडी नारायणगावातून टोमॅटो भरून रात्रीची वाशी मार्केटला जाते. जाऊन-येऊन तीनशेच्या आसपास किलोमीटर. 12 च्या हिशेबानं 25 लिटर, 9 च्या हिशेबानं 33. वरचं 8 लिटर जातं कुठं? शेजारच्या गाडीवाल्याला विचारा. तो नुसता हसेल, आणि तेवढा पुरावा पुरतो. टाकीच्या झाकणाला कुलूप लावा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. मी ठेवली होती. रात्री दोनला फोन आला, "शेठ, तळेगावच्या पुढं पंपावर उभा आहे. चावी?"

कुलूप लावूनही आकडा हलला नाही, तर पंपवाल्याकडे वळा. पंपावर 5 लिटरचं माप असतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर समोर मोजून दाखवावं लागतं. पण ते मागायचं नाही, मागचे हॉर्न वाजवतात. त्यापेक्षा 2000 ऐवजी 2010 चं डिझेल टाका. काटा मारायचा तो गोल आकड्यालाच मारतात, अशी साऱ्या गाडीवाल्यांची श्रद्धा आहे, आणि श्रद्धेचे फक्त 10 रुपये पडतात.

आता खर्चाला सुरुवात करा. डिझेलमध्ये ओतायची बाटली आणा. इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर काढून तपासायला पाठवा. एअर फिल्टरला मात्र हात लावू नका, तो स्वस्त आहे आणि स्वस्त वस्तूत दोष सापडला तर चारचौघांत काय सांगणार? झटकलात तर शेतरस्त्याची पाटीभर माती निघेल, म्हणून झटकूही नका. इंजिनात हवा दाबणाऱ्या टर्बोच्या रबरी पाइपला बोटभर चीर पडली असेल, चढाला सुंsss आवाज येऊन मागं काळा धूर निघत असेल, तर आरशात बघून म्हणा, काय पॉवर आहे! इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा थर्मोस्टॅट तर बरेच मेस्त्री "गाडी तापायला नको" म्हणून स्वतःच काढून फेकतात. मग इंजिन कधी धड गरमच होत नाही आणि थंड इंजिन डिझेल जास्त पितं. पण टेंपरेचरचा काटा खालीच बसलेला बघून किती गार वाटतं! टायरच्या हवेचा आकडा दरवाज्याच्या पट्टीवर छापलेला असतो, भरलेल्या गाडीचा वेगळा, रिकाम्या गाडीचा वेगळा. तो वाचायचा नसतो. टायरला लाथ मारून बघायचं, टणक लागला की झालं.

आणि घाट न्यूट्रलमध्ये उतरायचा. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर आजचं कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं डिझेल सोडणारं इंजिन उतारावर डिझेल सोडणंच बंद करतं, उलट न्यूट्रलमध्ये ते चालू ठेवायला थोडं का होईना डिझेल जाळावं लागतं, हे कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. खंडाळ्याच्या उतारावर दीड टनाची गाडी, 20 किलोच्या क्रेटांनी ताडपत्रीपर्यंत भरलेली, नुसत्या ब्रेकवर सोडायची. खाली उतरल्यावर मागच्या चाकाजवळ जळका वास येतो, त्याला बचतीचा वास म्हणतात.

त्या वासानंच माझा घोळ झाला. ड्रायव्हर दोन महिने सांगत होता, "शेठ, गाडी जड जातीय. सपाटीला न्यूट्रल करून ढकलली तरी जागची हलत नाही." मी म्हणायचो, तुला काम जड जातंय. शेवटी तो दुसऱ्या गाडीवर गेला. ॲव्हरेज 9 च राहिलं. आता चोर घरातच राहिला होता, कारण गाडी मी चालवत होतो.

एकदा रिकामी गाडी ओतूरहून आणली. घाट नाही, ब्रेकला फारसा पाय नाही. उतरल्यावर सहज मागच्या उजव्या ड्रमला हात लावला. कोमट. डाव्याजवळ हात नेववेना. बाटलीतलं पाणी टाकलं तर तव्यावर टाकल्यासारखं चुर्र झालं. हँडब्रेकची केबल आतून गंजून अडकली होती, डावं चाक हँडब्रेकवरच वाशीला जाऊन येत होतं. केबल आणि ब्रेकचं लायनर बदलायला जेवढे लागले त्यापेक्षा इंजेक्टरवाल्याचं नुसतं येण्या-जाण्याचं बिल मोठं होतं.

टाकी फुल करून मोजलं. साडेअकरा. ड्रायव्हरला फोन केला. माफी कशी मागतात ते नीट जमत नाही, म्हणून ॲव्हरेज सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "पण अर्धा राहिलाच की. क्रेट किती भरता?"

"एकशे दहा."

"माझ्या वेळी 80 होते, शेठ."

मी म्हटलं, हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय.