‘खेळण्यातलं रडार’, पाऊस आणि माझं चुकलेलं एक वाक्य

कप्तानसाहेब, नमस्कार.

छोट्या बोटीसाठी रडार कसं निवडावं यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंत. २० वॅटचं १८ इंची डोम (गोल झाकणातलं छोटं रडार) म्हणजे खेळणं, ४ किलोवॅटचं ३६ मैलांचं रडार सोडून ते सुचवणं ही लोकांची दिशाभूल, त्यापेक्षा एआयएस (जहाजं आपलं नाव आणि ठिकाण रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) घ्यावा आणि गप्प बसावं. शिवाय पावसाबद्दलचं माझं वाक्य साफ चूक. शेवटापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे.

‘नव्या रडारना पावसाचा त्रास होत नाही’ असं मी ठोकून दिलं होतं. होतो. छोट्या बोटींवरची रडारं एक्स-बँडवर, म्हणजे साधारण ३ सेंटिमीटरच्या लहरींवर चालतात, आणि जोराच्या सरीत त्या विखुरतातच; आत मॅग्नेट्रॉन (जुन्या रडारमधली लहरी निर्माण करणारी नळी) असो वा नसो. तुमच्या जहाजांवर जोडीला १० सेंटिमीटरचं एस-बँड असायचं, ते सरीतूनही बघायचं. पण त्याचा अँटेना १२ फुटी आणि माझी अख्खी बोट २८ फुटी. लेखातलं वाक्य काढून टाकलंय. रॅकॉनचं, म्हणजे रडारची लहर आली की उत्तर देऊन पडद्यावर उमटणाऱ्या खुणेच्या यंत्राचं, तर मी लिहायचंच विसरलो होतो: सतत लहरी सोडणाऱ्या कमी वॅटच्या रडारला रॅकॉन उत्तर देत नाही, संकटातल्या लोकांची जागा दाखवणारा बचावाचा सार्टही देत नाही. ज्यांना लांबचे प्रवास करायचेत त्यांनी हे आधी वाचावं.

आता किलोवॅट. इथे मात्र मी मागे हटणार नाही. ४ किलोवॅट ही एका ठोक्याची कमाल ताकद. तो ठोका मायक्रोसेकंदाच्या काही शतांशांपासून फार तर एक मायक्रोसेकंदापर्यंतचा, सेकंदाला असे काहीशे ते दोन-तीन हजार, ठोका लांब असेल तेव्हा कमी. सरासरी काढून बघा, एक-दोन वॅटच्या आसपास निघते. नवी रडारं एकतर सतत लहरी सोडतात, नाहीतर हळू आवाजात पण लांबलचक स्पंदन सोडून परत आलेल्या प्रतिध्वनीला गणिताने आवळून बारीक करतात. म्हणून २० विरुद्ध ४००० ही तुलनाच लागू पडत नाही.

आणि ३६ मैल? रडारचं क्षितिज सागरी मैलांत काढायचं तर मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले २.२. माझा डोम पाण्यापासून ४ मीटरवर, म्हणजे ४.४ मैल. समोरचं जहाज २५ मीटर उंच असेल तर त्याचे ११ मिळवा. झाले १५.४. त्यापलीकडे मला सह्याद्री आणि पावसाचे ढग दिसतील, आणि सह्याद्री कुठे आहे ते मला माहीत आहे. तुमचा अँटेना ३० मीटरवर फिरत होता. तिथे तुमचं म्हणणं खरंच होतं.

माझ्यासारख्याचं मरण असतं ते पहिल्या दीड मैलात. मागच्या डिसेंबरात पहाटे मांडव्याहून निघून खांदेरीकडे चाललो होतो. धुरकट हवा, वारा नाही, इंजिनावर. पडद्यावर नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) थोडं डावीकडे, मैलभरावर, एकच लांबट डाग. मी मनात म्हटलं, एक मचवा, उजवीकडून काढू. पुढे बसलेल्या मित्राला डिझेलची टकटक ऐकू येत होती. तो म्हणाला, दोन आवाज आहेत. मी पडद्यावरच विश्वास ठेवला. साधारण अर्ध्या मैलावर डाग मधोमध फाटला आणि त्यातला उजवा तुकडा बरोबर आमच्या वाटेत. १८ इंची डोमची किरणपट्टी, म्हणजे त्याच्या झोताची आडवी रुंदी, सुमारे ५ अंशांची. मैलावर ती १६० मीटर रुंद होते. शंभर मीटर अंतरावरचे दोन मचवे तिच्या लेखी एकच. टकरीच्या नियमांतला ७ वा तुम्हाला तोंडपाठ असेल, अपुऱ्या रडार-माहितीवर अंदाज बांधू नये म्हणणारा. मला तो त्या पहाटे कळला.

म्हणजे वाद घालायचाच तर वॅटवर नको, पट्टीच्या रुंदीवर घाला. २४ इंची डोममध्ये ती ४ अंशांच्या आत येते, काहींत सॉफ्टवेअरने आणखी बारीक होते. ४ फुटी उघडा अँटेना २ अंशांच्या आसपास, पण शिडाच्या बोटीवर तो फिरता दांडा म्हणजे दोऱ्या गुंडाळायचं यंत्र.

एआयएस माझ्याकडे आहे, बंदराच्या वाटेवर मोठ्या जहाजांसाठी तो उत्तमच. पण जो स्वतःहून काही सांगत नाही त्याच्याबद्दल एआयएस मुका. आपल्या किनाऱ्यावरच्या लहान होड्या, डोलीच्या (मासेमारीच्या जाळ्याच्या) खुंट्या, नांगरून झोपलेला मचवा, यांचं काय? (डोलीच्या जाळ्याचे बोये रडारलाही दिसत नाहीत. तिथे डोळे आणि तांडेलाला विचारणं, दुसरा इलाज नाही.) काही नव्या रडारांतले डॉप्लरचे रंगही फक्त जवळ येणारं आणि दूर जाणारं सांगतात; आडवा जाणारा बिनरंगाचाच राहतो.

डोम डोलकाठीवर ९ मीटरवर न्यावा ही तुमची सूचना. क्षितिज ४.४ वरून ६.६ होईल, मान्य. पण उभी पट्टी २५ अंशांची. खालची कड ४ मीटरवरून १८ मीटरवर पाण्याला लागते, ९ मीटरवरून ४० मीटरवर. आणि शिडावर बोट २० अंश कलली की एका बाजूचं रडार पाण्यात बघतं, दुसऱ्या बाजूचं आभाळात. तेवढं वजन वर झुलत ठेवण्यापेक्षा पिछाडीला खांबावरच बरं.

‘आज घ्यायचं तर काय घ्याल?’ असंही तुम्ही खवचटपणे विचारलंत. २४ इंची, कमी वॅटचंच, आणि माझ्या पडद्याशी जमणाऱ्या कंपनीचं, कारण एकाचं डोम दुसऱ्याच्या पडद्यावर सहसा चालत नाही. मागच्या रविवारी जाड पुठ्ठ्याचं साठ सेंटिमीटरचं वर्तुळ कापून खांबावर बांधलं आणि दोन-चार वेळा वळून बघितलं. तिसऱ्या वळणाला मागचा दोर त्यात अडकला. खांब वीतभर मागे सरकवून पुन्हा बघणार आहे.