रोमेल केवळ पेट्रोलअभावी हरला काय?

दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४२ मध्ये, इजिप्तमधील एल अलामीन येथे ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरीने जर्मन सेनापती रोमेलचा पराभव केला. ‘एल अलामीनला रोमेलकडे पेट्रोल असते, तर मॉन्टगोमेरीचा धुव्वा उडाला असता, ब्रिटिशांनी निव्वळ रणगाड्यांच्या संख्येवर बाजी मारली’ हे विधान सर्रास केले जाते. त्यात तथ्याचा अंश असला, तरी निष्कर्ष चुकीचा आहे.

पेट्रोलची टंचाई खरी होती. मात्र ती बऱ्याच अंशी रोमेलने स्वतःच ओढवून घेतली होती. २१ जून १९४२ रोजी लिबियातील तोब्रुक हे ब्रिटिशांच्या ताब्यातले बंदर रोमेलकडे पडले (त्या वेळी मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटणही शत्रूच्या हाती सापडली). त्यानंतर इजिप्तच्या सीमेवर थांबून आधी इटली-आफ्रिका सागरी मार्गावरचे ब्रिटिशांचे माल्टा बेट जिंकायचे, असे ठरलेले होते आणि भूमध्य समुद्र क्षेत्रातील जर्मन सेनापती केसेलरिंगचाही तोच आग्रह होता. रोमेलने थेट हिटलरकडून पुढे जाण्याची परवानगी मिळवली आणि माल्टाची मोहीम बारगळली. परिणामी लिबियातले रसद उतरवण्याचे बेनगाझी बंदर आघाडीपासून सुमारे हजार किलोमीटर मागे राहिले, त्रिपोली त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे पेट्रोल पोहोचवणारे ट्रकच वाटेत पेट्रोल पिऊ लागले. शिवाय इटलीहून निघणाऱ्या जहाजांची खबर ब्रिटिशांना सांकेतिक संदेश उलगडून आधीच मिळत असे. २६ ऑक्टोबरला तोब्रुकजवळ बुडालेले तेलवाहू जहाज ‘प्रोसेर्पिना’ हा नुसता दैवदुर्विलास नव्हता. शत्रूची रसद तोडणे हादेखील युद्धाचाच भाग असतो.

संख्येचे म्हणावे, तर ब्रिटिशांकडे हजारावर रणगाडे होते आणि जर्मन-इटालियन फौजेकडे सुमारे पाचशे, त्यातले निम्म्याहून अधिक दुबळे इटालियन. परंतु मे महिन्यात लिबियातील गझाला येथेही ब्रिटिशांचे रणगाडे जास्तच होते आणि तरीही त्यांचा दारुण पराभव झाला. तेव्हा त्यांच्या चिलखती तुकड्या एकेकट्या पुढे धावून जर्मन रणगाडाविरोधी तोफांच्या तोंडी गेल्या होत्या. ऑगस्टअखेर एल अलामीनजवळच्या अलाम हल्फाच्या टेकडीवर मॉन्टगोमेरीने रणगाडे आडोशाला रोवून ठेवले आणि रोमेलला अंगावर येऊ दिले. फरक पडला तो इथे.

दोन सेनापतींचे रणगाडायुद्ध हे चित्रही फसवे आहे. २३ ऑक्टोबरच्या रात्री हल्ला सुरू झाला, तेव्हा रोमेल आजारपणामुळे युरोपात होता. त्याच्या जागी आलेला जनरल श्टुम दुसऱ्याच दिवशी हृदयविकाराने मरण पावला आणि रोमेल २५ तारखेच्या संध्याकाळी परतला. तोवर लाखो सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढण्याचे जीवघेणे काम पायदळ, सुरुंग काढणारे सॅपर आणि तोफखाना करत होते. २७ तारखेला रोमेलने प्रतिहल्ला केला, तोही प्रामुख्याने रणगाडाविरोधी तोफांपुढे कोसळला. २ नोव्हेंबरला ब्रिटिशांच्या नवव्या चिलखती ब्रिगेडने आपले बहुतेक रणगाडे गमावले, तेही अशाच तोफांपुढे.

मॉन्टगोमेरीला दोष द्यायचाच असेल, तर तो ४ नोव्हेंबरला रोमेलने माघार घेतल्यानंतरच्या संथ पाठलागाबद्दल द्यावा. ६ तारखेच्या पावसाने वाळवंटात चिखल केला हे खरे, पण त्याआधीच्या दोन दिवसांत रोमेलची उरलीसुरली फौज निसटू लागलीच होती.