पंट न करणं चुकलं नाही, टाइमआउट चुकले

१५ नोव्हेंबर २००९ ला अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात कोल्ट्सविरुद्ध चौथ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला, पंट केला नाही (लाथेने चेंडू लांब समोरच्यांकडे धाडला नाही) म्हणून एका लेखात पॅट्रियट्सचा प्रशिक्षक बेलिचिकला अतिशहाणा ठरवलंय. हिशेब तरी मांडा. पॅट्रियट्स ३४-२८ पुढे, २:०८ बाकी, चेंडू स्वतःच्या २८ यार्डांवर, हवे दोन यार्ड. जमण्याची शक्यता ६० टक्के धरा. जमलं की सामना खिशात. फसलं तर कोल्ट्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) मॅनिंगसमोर फक्त २८ यार्ड, टचडाउनची, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन सामना फिरवण्याची, शक्यता ५३ टक्के धरू. पंट केला तर साधारण ७० यार्ड, तेव्हा ३० टक्के. म्हणजे जिंकण्याची शक्यता ७९ विरुद्ध ७०. ६० फार वाटतात? ४४ धरले तरी पंट सरस ठरत नाही.

माती खाल्ली ती त्याआधी. तिसऱ्या डाउनलाही दोनच यार्ड हवे होते. चौथा खेळायचाच होता, तर तिथे रन करायचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचं: घड्याळ तरी पळतं, नाहीतर ते थांबवायला समोरच्याचा टाइमआउट जातो. यांनी पास टाकला, तो झेलला गेला नाही, म्हणून घड्याळ थांबलं. वर शेवटचा टाइमआउट चौथ्या डाउनच्या तोंडावर उडवला. चौथ्या डाउनला पास झेलताना पॅट्रियट्सच्या फॉकच्या हातात चेंडू उडाला, पंचांनी जागा दोन यार्डांच्या अलीकडची दिली, आणि चॅलेंजला (निर्णय फेरतपासायला लावायला) लागणारा टाइमआउटच शिल्लक नाही! कोल्ट्स ३५-३४. यावर लेखात एक ओळही नाही.