‘नर्स तर मागे, सुरक्षित तंबूत असतात’ म्हणणाऱ्यांना उत्तर

युद्धाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. त्याचा सारांश असा: लढतात आणि मरतात ते जवान. नर्स आघाडीपासून लांब असतात. लाल क्रॉस पाहून शत्रू त्यांना हात लावत नाही. त्यांचं काम मलमपट्टीचं आणि धीर देण्याचं. तेव्हा त्यांना सैनिकांच्या पंक्तीत बसवू नका. पुष्कळांना हे पटतंही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

‘लांब असतात.’ पहिल्या महायुद्धात बऱ्याच नर्स फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या मोठ्या रुग्णालयांत होत्या, हे खरं आहे. पण सगळ्या नव्हत्या, आणि ज्या पुढे होत्या त्या चुकून तिथे गेल्या नव्हत्या. युद्धाच्या सुरुवातीला पोटात गोळी लागलेल्या सैनिकावर शस्त्रक्रिया करायचीच नाही, असा लष्करी डॉक्टरांचा शिरस्ता होता. तो पुढे मोडला, कारण काही तासांत पोट उघडलं तर यातली काही माणसं जगतात हे दिसून आलं. त्या काही तासांत जखमी टेबलावर पोचायचा तर टेबलच आघाडीकडे न्यावं लागणार. टेबल गेलं की भूल देणारे, हत्यारं उकळणारे आणि रात्रभर नाडी धरून बसणारे हातही जाणार.

बेल्जियममधलं ब्रँडहूक हे असंच ठिकाण. १९१७ च्या उन्हाळ्यात ईप्रच्या लढाईसाठी तिथे तीन शल्य-केंद्रं उभारली, खास पोट, छाती आणि मांडीच्या जखमांसाठी. जखमी लवकर यावेत म्हणून जागा रेल्वेमार्गाला लागून निवडली होती. दारूगोळ्याचे साठेही त्याच रेल्वेच्या आधाराने शेजारी होते, त्यामुळे तोफा तिकडे वळत. २१ ऑगस्टला नेली स्पिंडलर ही २६ वर्षांची नर्स तिथे तोफगोळ्याने मारली गेली. लेयसेनथूकच्या युद्धस्मशानात दहा हजारांवर पुरुषांमध्ये तिची कबर आहे, आणि तिला लष्करी इतमामात पुरलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओला तर ‘मागे’ अशी जागाच उरली नव्हती. समुद्राला पाठ लावून धरलेला तो जमिनीचा चिंचोळा तुकडा पूर्ण जर्मन तोफांच्या टप्प्यात होता. ७ फेब्रुवारी १९४४ ला एका जर्मन विमानाचा पाठलाग सुरू असताना त्याने आपले बॉम्ब अमेरिकनांच्या ९५ व्या इव्हॅक्युएशन हॉस्पिटलवर (आघाडीमागच्या तंबूतल्या रुग्णालयावर) टाकून दिले. मेलेल्यांत तीन नर्स होत्या. तीनच दिवसांनी तोफगोळे दुसऱ्या तंबूंवर पडले. दिवे गेले, आणि दोन नर्सनी विजेरीच्या उजेडात ४२ रुग्ण बाहेर काढवले. अँझिओत एकूण सहा नर्स गेल्या. अमेरिकन लष्करात शौर्यासाठीचं सिल्व्हर स्टार पदक मिळालेल्या पहिल्या चार स्त्रिया याच ठिकाणच्या. त्यांपैकी एलन एन्सवर्थला ते मरणोत्तर मिळालं. रुग्णालयांचा हा परिसर इतका धोक्याचा होता की जखमी सैनिक तिथे जाण्यापेक्षा आपल्या खंदकातच राहू द्या म्हणत.

‘लाल क्रॉस वाचवतो.’ फिलिपिन्समधल्या बटानच्या जंगलात खुणा केलेल्या अमेरिकन रुग्णालयावर १९४२ च्या मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये दोनदा बॉम्ब पडले. १४ मे १९४३ ला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापाशी ‘सेंटॉर’ हे पांढरं रंगवलेलं, दिवे लावून चाललेलं रुग्णालय-जहाज पाणबुडीने बुडवलं. त्यावरच्या १२ नर्सपैकी एकटी एलन सॅव्हेज वाचली.

आणि सुमात्राजवळचं बांका बेट. सिंगापूर पडायच्या तोंडावर ‘व्हायनर ब्रूक’ या जहाजातून ६५ ऑस्ट्रेलियन लष्करी नर्स निघाल्या. १४ फेब्रुवारी १९४२ ला जहाज बुडालं, १२ जणी समुद्रातच गेल्या. बेटाच्या एका किनाऱ्यावर २२ नर्स जखमींसह पोचल्या. तिथून निघून जाण्याऐवजी त्या जखमींपाशी थांबल्या. दंडावर लाल क्रॉस होता. १६ फेब्रुवारीला जपानी सैनिकांनी त्यांना समुद्रात चालत जायला लावलं आणि पाठीमागून मशिनगन चालवली. त्यातली एकटी व्हिव्हियन बुलविंकल जगली. युद्धानंतर तिने टोकियोतल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात साक्ष दिली. व्हिव्हियनसह कैदेत गेलेल्या ३२ जणींपैकी आठ छावण्यांतच मेल्या. ६५ पैकी घरी परतल्या २४. ‘हात लावत नाहीत’ हे वाक्य पुन्हा लिहिण्याआधी हे आकडे नीट वाचा, एवढी कळकळीची विनंती.

‘मलमपट्टी आणि धीर.’ पहिल्या महायुद्धात प्रतिजैविकं नव्हती. खत घातलेल्या शेतांतली माती जखमेत गेली की गॅस गँगरीन, म्हणजे मांस सडवणारी लागण, होई आणि माणूस दोन दिवसांत जाई. यावर उपाय होता डेकिनच्या जंतुनाशक द्रावणाने जखम आतून धूत राहण्याचा. रबराच्या नळ्या जखमेत खोल बसवायच्या आणि दर दोन तासांनी द्रावण सोडायचं, दिवसरात्र, वॉर्डातल्या प्रत्येक अशा रुग्णाला. हे सगळं नर्सच्या हातचं काम होतं. त्यात हयगय झाली तर पाय जायचा, नाहीतर माणूस. १९१८ मध्ये भूल देणारे डॉक्टर पुरेनात तेव्हा ब्रिटिश लष्कराने नर्सना तीन महिन्यांचं शिक्षण देऊन भूल द्यायला उभं केलं. मस्टर्ड गॅसने भाजलेल्यांचे कपडे उतरवताना त्यातल्या वाफेने नर्सचेही डोळे आणि घसा होरपळत. धीर त्या देतच होत्या, पण ही कामं करता करता.

‘सैनिकांच्या पंक्तीत बसवू नका.’ सरकारांनीही बराच काळ हेच म्हटलं, आणि मला त्याचा राग येतो. १९४२ मध्ये जपान्यांनी फिलिपिन्स घेतलं तेव्हा ७७ अमेरिकन नर्स कैद झाल्या, ६६ लष्कराच्या आणि ११ नौदलाच्या. जवळपास तीन वर्षं उपासमारीत त्यांनी छावणीतला दवाखाना चालवला, आणि त्या सगळ्या जिवंत सुटल्या. पण पकडल्या गेल्या तेव्हा लष्करातल्या नर्सचा हुद्दा नावापुरताच होता. कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे अधिकाऱ्याचा पक्का हुद्दा, देणारा कायदा अमेरिकेत १९४७ साली आला.

आपल्याकडे लष्करी नर्सिंगची सुरुवात १८८८ च्या फेब्रुवारीत झाली. ब्रिटनहून दहा प्रशिक्षित नर्स मुंबई बंदरात उतरल्या, त्या ब्रिटिश फौजेसाठी. पुढे भारतीय मुली या सेवेत आल्या, आणि १९४३ च्या अध्यादेशाने ही सेवा सैन्यदलांचा भाग ठरली. तिच्यातल्या नर्स कमिशनप्राप्त अधिकारी असतात. भारतीय सैन्यदलांत मेजर जनरलच्या हुद्द्यावर पोचलेली पहिली स्त्री, १९७६ साली, याच सेवेतली होती: गर्ट्रूड ॲलिस राम.