‘अकार्यक्षम’ एका शब्दात भागत नाही

‘अकार्यक्षम’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरचा लेख आवडला, पण इनएफिशियंट, इनइफेक्टिव आणि वेस्टफुल या तिन्हींना ‘अकार्यक्षम’ हा एकच अर्थ दिलाय, तिथे अडखळलो. जुना तारेचा पिवळा बल्ब घ्या. खोली उजळते, म्हणजे तो इफेक्टिव आहेच. पण घेतलेल्या विजेतली जेमतेम ५ टक्के प्रकाशात जाते, बाकीची नुसती उष्णता; हात लावून बघा, चटका बसेल! म्हणून तो इनएफिशियंट. इनइफेक्टिव म्हणजे काम झालंच नाही. गंमत म्हणजे इफेक्टिव आणि एफिशियंट दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदातून आलेत.

वेस्टफुलमध्ये मात्र उधळपट्टीचा ठपका आहे. आणि त्याच्यापुढे ‘ऑफ’ लागतं: ‘वेस्टफुल ऑफ वॉटर’. आपण सवयीने ‘इन’ लावून मोकळे होतो.

‘गॅस गझलर’ म्हणजे भरमसाट इंधन जाळणारी गाडी. त्यातला गॅस म्हणजे आपला सिलिंडरचा नव्हे, अमेरिकन बोलीतलं पेट्रोल. गझल म्हणजे घटाघटा ढोसणं (आपल्या गझलेशी काही संबंध नाही!). आपणही गाडी पेट्रोल ‘पिते’ म्हणतोच की. तिकडे तर १९७८च्या कायद्याने अशा गाड्यांवर कर बसवला आणि त्याचं नावच गॅस गझलर टॅक्स पडलं.

अनइकॉनॉमिकल आणि अनइकॉनॉमिक यांतला फरकही राहिलाय. पहिला जास्त खर्च करवणाऱ्या वस्तूला किंवा पद्धतीला, दुसरा मुख्यतः न परवडणाऱ्या धंद्याला. प्रॉफ्लिगेट हा शब्द यंत्राला लावताना जरा जपून, तो शोभतो उधळ्या माणसाला नाहीतर सरकारला.