एलएसयूएसबीत डोंगल दिसतो, मग वायफाय का नाही?

तुमच्या प्रतिक्रियेबद्दल आभार, त्यातल्या रागासकट. लिनक्सवर वायफाय डोंगलला फर्मवेअरची, म्हणजे डोंगलच्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रामची, वेगळी फाइल लागते, असं मी म्हटलं; त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘डोंगल एलएसयूएसबीत (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत) दिसतो म्हणजे फर्मवेअर चालूच आहे. ड्रायव्हरही कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहे. मग वेगळ्या फाइलचं लचांड कशाला? विंडोजवर असलं काही लागत नाही.’

गल्लत पहिल्याच वाक्यात आहे. ‘मी अमुक कंपनीचा, अमुक मॉडेल’ एवढं सांगायला चिपच्या रॉममधला (कायमच्या मेमरीतला) चिमुकला कोड पुरतो. रेडिओ चालवणारा प्रोग्राम, म्हणजे खरं फर्मवेअर, बऱ्याच डोंगलांत साठवलेलाच नसतो. तो चिपच्या रॅममध्ये दरवेळी बाहेरून भरावा लागतो, आणि डोंगल उपटला की पुसला जातो.

एथेरॉसची एआर ९२७१ चिप घ्या. डोंगल लावला की ड्रायव्हर कर्नलकडे नाव घेऊन फाइल मागतो. कर्नल ती /लिब/फर्मवेअर मध्ये शोधतो, पण त्याआधी तिथल्याच ‘अपडेट्स’ फोल्डरात. १.४.० आवृत्तीची फाइल ५१,००८ बाइटांची आहे. ड्रायव्हर ती ४,०९६ बाइटांचे तुकडे करून यूएसबीवरून ढकलतो, म्हणजे तेरा फेऱ्या. मग ‘झालं, आता सुरू हो’ असा निरोप जातो आणि तेव्हा कुठे वायफायचा इंटरफेस उगवतो. फाइल नसेल तरी एलएसयूएसबीत डोंगल दिमाखात दिसतोच!

राहिला ही फाइल कर्नलमध्येच घालण्याचा मुद्दा. काही फर्मवेअर पूर्वी कर्नलच्या सोर्ससोबतच (मूळ कोडसोबतच) यायचं. तो फर्मवेअरचा फोल्डर कर्नलच्या ४.१४ आवृत्तीत, २०१७ साली, काढला. बहुतेक कंपन्या फाइल वाटायची परवानगी देतात, सोर्स देत नाहीत, म्हणून ती कर्नलपासून वेगळी ठेवलेली बरी. (एआर ९२७१ चं फर्मवेअर मात्र खुलं आहे.) स्वतः कर्नल बांधत असाल तर फाइल आत कोंबायची सोयही आहे. विंडोजवरही हीच भरणी होते, फक्त फाइल ड्रायव्हरच्या इन्स्टॉलरमधून गुपचूप येते.

तुमचा डोंगल अजून अडून बसला असेल तर डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) बघा. एरर -२ म्हणजे फाइल सापडली नाही. फोल्डरात ती दिसत असूनही -२ येत असेल, तर नावाचं शेपूट तपासा: एक्सझेडने (फाइल लहान करणाऱ्या पद्धतीने) आवळलेली फाइल ५.३ च्या आधीच्या कर्नलला वाचता येत नाही. हवं ते नेमकं नाव मॉडइन्फो (ड्रायव्हरची माहिती देणारी आज्ञा) सांगेल. आणि -११० असेल तर तो टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची वेळ संपली. फाइलला बोल लावण्याआधी हब काढून डोंगल थेट पोर्टात लावून बघा.